भांग, गांजा आणि अंबाडी : एका झाडाच्या नांवांचा इतिहास

अहमदनगर जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास कर्जत नांवाचा तालुका आहे. मुंबईहून पुण्यास जातांना बोरघाटाच्या पायथ्याशीं जें कर्जत लागतें तें हें नव्हे. तें कर्जत पावसाचें, भाताचें आणि झाडीचें. हें कर्जत सीना व भीमा या दोन नद्यांमधील, माळाचें, ज्वारीचें आणि वारंवार येणाऱ्या अवर्षणाचें. नांव एक आणि गांवें दोन. आणि ज्या जिल्ह्यांत हें दुसरें कर्जत आहे त्याचें नांव तर २०२४ सालीं बदलून अहिल्यानगर झालें. नांव सारखें म्हणून वस्तु सारखी असें धरून चालणाऱ्या प्रवाशाची फार तर गाडी चुकते. परंतु वनस्पतीच्या बाबतींत हीच चूक झाली तर प्रसंगीं माणसास तुरुंग पाहावा लागतो. प्रस्तुत लेखांत अशा एका वनस्पतीच्या नांवांचा विचार करण्याचें योजिलें आहे. ती वनस्पति म्हणजे भांग किंवा गांजा; आणि येथें ‘किंवा’ हा शब्द योग्य आहे कीं नाहीं, हाच आमच्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

गांजाचें नांव काढतांच सभ्य गृहस्थांच्या कपाळास आठी पडते, हें आम्ही जाणून आहों. व्यसनाची तरफदारी करण्याचा येथें उद्देश नाहीं. परंतु ज्या झाडास आपल्या पूर्वजांनीं दहापांच नांवें दिलीं, ज्याच्यावर सरकारांनीं आयोग नेमले आणि ज्याच्या एका पानावरून व एका बोंडावरून आजहि न्यायालयांत वाद होतात, त्याच्या नांवांचा अर्थ समजून घेणें हें सुशिक्षितांस कमीपणा आणणारें खास नाहीं.

प्रथम जें झाड भांग नव्हे त्याविषयीं बोलूं. नगर, सोलापूर या भागांत बाजरीच्या किंवा कपाशीच्या शेतांत, बांधाच्या कडेनें, अंबाडीचीं झाडें लावण्याची जुनी वहिवाट आहे. कोंवळ्या पाल्याची आंबट भाजी करावी, बोंडें व बीं राखावें, आणि झाडें जून झालीं म्हणजे तीं कापून, पाण्यांत कुजवून, वाख काढावा व त्याचीं दावीं वळावीं, असा तिचा सर्वांगीण उपयोग. हिचें पान बोटें पसरलेल्या पंजासारखें चिरलेलें असतें, व तें पाहून भांगेची आठवण व्हावी हें साहजिक आहे. लिनियस या स्वीडिश पंडितानेंहि अंबाडीस जें शास्त्रीय नांव दिलें, हिबिस्कस कॅनाबिनस, त्याचा अर्थ ‘भांगेसारखी’ असाच आहे. पुढें इंग्रज आले. त्यांच्या देशांत दोर व शिडाचें कापड भांगेच्या जातीच्या झाडापासून होई आणि त्या झाडास ते ‘हेम्प’ म्हणत. येथें ज्या ज्या झाडाचा वाख निघतो तें तें त्यांस हेम्पच दिसूं लागलें. मुंबई इलाख्याच्या ग्याझेटियरमालेंत अंबाडी हें तपकिरी हेम्प आहे, ताग हें मुंबई हेम्प आहे, आणि खरी भांग ही तर हेम्प आहेच. वास्तविक अंबाडी ही भेंडीच्या कुळांतली, ताग हा वाटाण्याच्या कुळांतला, आणि भांगेचें कूळ तिसरेंच. तीन कुळांतल्या तीन झाडांस एकच नांव मिळालें, कारण नांव ठेवणाराची दृष्टि झाडाकडे नसून दोराकडे होती. यावरून इंग्रजांस हंसण्याचें मात्र कारण नाहीं. आपणहि शाळेच्या भूगोलांत बंगालच्या ज्यूटास तागच म्हणतों, आणि आपल्या शेतांत हिरवळीच्या खतासाठीं गाडतों तोहि तागच! वस्तूच्या उपयोगावरून नांव पडतें आणि उपयोग सारखा असला कीं नांव दुसऱ्या वस्तूकडे घसरत जातें, हा भाषेचा सामान्य नियम आहे.

आतां खऱ्या भांगेकडे वळूं. अनेकांची अशी समजूत असते कीं भांग, गांजा आणि चरस हीं तीन निरनिराळीं झाडें, किंवा निदान एकाच झाडाचे तीन वाण असावेत. ज्वारीचें उदाहरण आपल्या डोळ्यांपुढें असतें. मालदांडी, दगडी, गुळभेंडी हे ज्वारीचे खरोखरीचे वाण आहेत. प्रत्येकाचें बीं वेगळें, ताटाची उंची वेगळी, आणि हुरड्यासाठीं गुळभेंडी पेरणारा शेतकरी मालदांडीचें बीं चुकूनहि घेणार नाहीं. भांग, गांजा व चरस यांचा भेद असा नाहीं. पानें वाळविलीं म्हणजे ती भांग; मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळविले म्हणजे तो गांजा; आणि त्या फुलोऱ्यावरची चिकट राळ खरवडून किंवा चोळून गोळा केली म्हणजे तो चरस. एकाच उंसाचा रस, गूळ आणि साखर व्हावी, तसेंच हें. अर्थात् हीं झाडाचीं नांवें नसून झाडाच्या भागांचीं व मालाचीं नांवें आहेत. १८९३ सालच्या जुलैमध्यें हिंदुस्थान सरकारनें या प्रश्नावर जो आयोग नेमला, त्यास आपल्या अहवालांत आधीं या तीन शब्दांच्या व्याख्याच ठरवाव्या लागल्या. इंग्लंडच्या पार्लमेंटांत केन नांवाच्या सभासदानें प्रश्न उपस्थित केल्यावरून हा आयोग नेमला गेला. त्यानें ११९३ साक्षी तपासल्या आणि १८९४ सालीं सात खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यांतील गांजाच्या लागवडीच्या चर्चेंत अहमदनगर जिल्ह्याचें नांव प्रामुख्यानें येतें. माफक सेवनानें मोठा अपाय होत नाहीं, सरसकट बंदी अनवश्यक आहे, कर व नियंत्रण पुरेसें आहे, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता.

पिकविणाराच्या दृष्टीनें या झाडांत महत्त्वाचा भेद एकच : नर कीं मादी. पपईप्रमाणें यांतहि नराचें झाड वेगळें व मादीचें वेगळें. आपल्याकडे पपई लावणारा माळी फुलें येतांच नर ओळखतो, बहुतेक नर उपटून टाकतो आणि फळधारणेसाठीं थोडे राखतो. गांजा करणारास एकहि नर राखून चालत नाहीं. नराचा पराग वाऱ्यावर उडून मादीस पोंचला कीं तिच्यांत बीं धरतें, आणि मग झाडाची शक्ति राळेकडे न जाता बियांकडे जाते. माल हलका होतो. म्हणून फुलें उमलण्यापूर्वींच, नुसत्या कळीच्या ठेवणीवरून, नर ओळखून काढावे लागतात. बंगालमध्यें राजशाही जिल्ह्यांतील नवगांवच्या बाजूस हें काम इतकें नाजूक मानलें जाई कीं त्यासाठीं खास माणसें असत. त्यांस ‘परखदार’ किंवा ‘पोद्दार’ म्हणत. नाणीं पारखणाराचें नांव झाडें पारखणारास मिळालें, यांतच त्या विद्येची किंमत लोकांनीं काय केली होती तें दिसतें. शेजारच्या शेतांतला एक नर चुकला तर आपलें पीक बिघडतें. तेव्हां ही पारख हा एकट्याचा धंदा न राहता गांवाचा व्यवहार होऊन बसला. १९१७ सालीं तेथील गांजा पिकविणारांनीं सहकारी संस्थाहि काढली होती. तेथला माल त्याच्या घडणीवरून ओळखला जाई : तुडवून दाबलेला तो चपटा, वळून केलेला तो गोल, आणि गळून पडलेला तो चूर. येथेंहि नांव बियाला नाहीं. नांव आहे हाताच्या कामाला.

आपल्या जुन्या ग्रंथांत या झाडाचीं नांवें कशीं आहेत तें पाहिलें म्हणजे आणखी एक गोष्ट लक्षांत येते. पाणिनीनें, तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांस काय म्हणावें हें सांगतांना त्याच सूत्रांत भङ्गेचाहि समावेश केला आहे. जिच्यांत भङ्गा पिकते ती जमीन भङ्ग्य किंवा भाङ्गीन. सुमारें दोन हजार चारशें वर्षांपूर्वीं ही वनस्पति रानटी नसून तिळाच्या पंक्तीस बसणारें शेताचें पीक होती, असें यावरून मानण्यास हरकत नाहीं. हें शेतकऱ्याचें नांव झालें. पुढें सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत भङ्गा, गञ्जा, मातुलानी, मादिनी, विजया, जया अशी मालिका आढळते. यांपैकीं मादिनी म्हणजे मद आणणारी; विजया म्हणजे जिंकणारी. हीं वैद्याचीं नांवें. यांत झाडाची उंची, पान, बीं कांहींच नाहीं, आहे तो केवळ परिणाम. शेतकरी जमिनीवरून बोलतो, वैद्य रोग्यावरून बोलतो. झाड तेंच; परंतु पाहणारा बदलला कीं नांव बदलतें.

परदेशीयांनीं या झाडाकडे कसें पाहिलें याचा पहिला नामांकित दाखला आपल्याच भूमींतला आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशीं त्याचा स्नेह होता व त्याच्या दरबारीं तो वैद्य म्हणून जाई. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या त्याच्या औषधिविषयक संवादग्रंथांत भांगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. गंमत अशी कीं, ही वनस्पति आमच्या देशांतील दोराचें झाड नव्हे, असें तो आग्रहानें सांगतो. त्याच्या देशांत तें झाड वाखासाठीं पेरीत. येथें पाला व फुलोरा वापरीत. उपयोग निराळा दिसला म्हणून झाडहि निराळें ठरलें! इंग्रजांनीं तीन झाडांचें एक केलें. ओर्तानें एका झाडाचीं दोन केलीं. पुढें सव्वाशें वर्षांनीं कोचीनच्या डच गव्हर्नरानें, व्हान र्‍हीडनें, मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. त्या कामीं रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोंकणी ब्राह्मण साहाय्यक होते, व त्यांचें नागरी लिपींतलें प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत छापलें आहे. त्या ग्रंथाच्या दहाव्या खंडांत नर व मादी यांचीं चित्रें दोन निराळ्या मलयाळी नांवांखालीं, दोन निराळ्या वनस्पतींप्रमाणें दिलीं आहेत.

नर आणि मादी यांविषयींचा घोटाळा युरोपांत तर याहून मौजेचा होता. तेथील शेतकरी बीं देणाऱ्या दांडग्या झाडास पुरुष समजत आणि लवकर वाळून जाणाऱ्या, बीं न देणाऱ्या सडपातळ झाडास स्त्री समजत. इंग्रजींत पहिल्यास ‘कार्ल’, म्हणजे गडी, आणि दुसऱ्यास ‘फिंबल’, म्हणजे बाईमाणूस, अशीं नांवें होतीं. वनस्पतिशास्त्राप्रमाणें हें अगदीं उलट आहे. १६९४ सालीं ट्युबिंगेनच्या कामेरारियसनें प्रयोगांनीं वनस्पतींचें लिंग सिद्ध केलें. तरीहि शेतकऱ्यांचे शब्द पुढें बराच काळ टिकले. आम्हांस यांत अज्ञानापेक्षां व्यवहार अधिक दिसतो. बारीक वाखासाठीं फिंबल आधीं उपटावयाचें आणि बियांसाठीं कार्ल मागें ठेवावयाचें, एवढें त्या नांवांनीं नेमकें कळे. शेतकऱ्याचें काम चुकत नसे. शब्द शास्त्राला चुकीचा असून कामाला बरोबर असूं शकतो.

शास्त्रीय नांवेंहि या खेळांतून सुटलीं नाहींत. १७५३ सालीं लिनियसनें या झाडास ‘कॅनाबिस सटायव्हा’ म्हटलें. सटायव्हा म्हणजे पेरलेली, लागवडीची. १७८५ सालीं फ्रान्समध्यें लामार्कनें हिंदुस्थानांतून आलेल्या नमुन्यांवरून ‘इंडिका’, म्हणजे हिंदुस्थानची, अशी वेगळी जाति मानली. तिचीं पर्णदलें अरुंद, वास उग्र, आणि वाखासाठीं ती निरुपयोगी, असें त्याचें वर्णन आहे. १९२४ सालीं रशियांतील एका शास्त्रज्ञानें ‘रुडेरालिस’ ही तिसरी जाति मांडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफगाणिस्तानांतील ठेंगणीं, रुंद पानांचीं झाडें अमेरिकेंतील बागाइतदारांच्या हातीं गेलीं, आणि त्यांनीं त्यांनाच ‘इंडिका’ म्हणण्यास आरंभ केला. उलट हिंदुस्थानांतील उंच व अरुंद पानांच्या झाडास, म्हणजे लामार्कच्या मूळ इंडिकेस, ते ‘सटायव्हा’ म्हणूं लागले. ज्या झाडावरून ‘हिंदुस्थानची’ हें नांव पडलें तें झाडच त्या नांवाबाहेर गेलें! कॅनडांत १७ ऑक्टोबर २०१८ पासून हा माल कायदेशीरपणें विकला जातो, व तेथें दुकानांतून अशाच चिठ्ठ्या दिसतात. २०१५ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं गांजाचे ८१ व वाखाच्या भांगेचे ४३ नमुने तपासले, तेव्हां इंडिका-सटायव्हा या चिठ्ठ्यांचा वंशाशीं संबंध बेताचाच आढळला, आणि एकाच नांवाखालीं भिन्न वंशाचा माल निघाला. २०२१ सालच्या दुसऱ्या संशोधनांत असें दिसलें कीं या चिठ्ठ्या वंशापेक्षां कांहीं थोड्या सुगंधी द्रव्यांशीं अधिक जुळतात. म्हणजे माळ्यानें नांव ठेवलें तें नाकानें!

या नव्या बागाइतदारांचा एक आवडता शब्द ‘सिन्सेमिया’ हा आहे. कांहींजण तो एखाद्या वाणाचें नांव समजतात. तो मूळचा स्पॅनिश असून त्याचा अर्थ ‘बीं नसलेला’ एवढाच आहे. म्हणजे नर काढून टाकून तयार केलेला माल. नवगांवचा परखदार शंभर वर्षांपूर्वीं जें करीत होता तेंच हें. ‘लँडरेस’ म्हणून दुसरा शब्द आहे. त्यास आपल्याकडे ‘गावरान’ हा सुरेख शब्द शेतकऱ्याच्या तोंडीं रुळलेला आहे. परंतु गावरान ज्वारी, गावरान वाल असें आपण म्हणतों. गावरान भांगेच्या स्थानिक वाणांची नोंद मात्र आपण कधीं मनावर घेतली नाहीं.

येथेंच या विषयाचें गांभीर्य आहे. १४ नोव्हेंबर १९८५ रोजीं अमलांत आलेल्या अमली पदार्थांच्या कायद्यानें गांजाची व्याख्या फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे अशी केली. शेंड्यांसोबत नसलेलीं पानें व बिया तिच्यांतून वगळल्या. म्हणून एका प्रांतांत भांगेचीं दुकानें सरकारी परवान्यानें चालतात, आणि आपल्या महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याचीहि तिच्यावर नजर असते. गांजाचें अल्प प्रमाण एक किलोपर्यंत आणि वाणिज्य प्रमाण वीस किलोंपासून पुढें. चरसाचें अल्प प्रमाण शंभर ग्रॅमपर्यंत आणि वाणिज्य प्रमाण एका किलोपासून पुढें. म्हणजे जप्त झालेल्या पिशवीवर पंच कोणता शब्द लिहितात यावर एखाद्या माणसाचीं किती वर्षें तुरुंगांत जावयाचीं हें अवलंबून राहतें. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें, नुसता हिरवा पाला असून शेंड्यांचा उल्लेख नसेल तर त्यास व्याख्येप्रमाणें गांजा म्हणतां येईल काय, हा प्रश्न उपस्थित करून एका आरोपीस जामीन दिला. झाड लावणें हा तर स्वतंत्र गुन्हा. त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. दुसरीकडे उत्तराखंडानें २०१८ सालीं वाखासाठीं, मादक द्रव्य अत्यल्प असलेल्या वाणांच्या लागवडीस परवाने देण्यास आरंभ केला, आणि २०२१ सालीं भांगेच्या बियांस व तेलास खाद्य म्हणून मान्यता मिळाली. आतां सरकारासच चांगल्या वाणाची पारख हवी आहे. आणि ती पारख ज्यांच्या हातांत होती ते परखदार बंदीबरोबर नाहींसे झाले.

बंदी योग्य कीं अयोग्य हा वाद आम्ही येथें मांडीत नाहीं. परंतु धंदा बंद करणें आणि ज्ञान पुसणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. याच नगर जिल्ह्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं वाल, घेवडा, भात यांचे गावरान वाण त्यांच्या नांवांनिशीं जपले, आणि पुढें त्यांस पद्मश्री मिळाली. ज्या पिकांस कोणी नांव ठेवीत नाहीं त्यांचीं नांवें वांचलीं; ज्या पिकास सारे जग नांवें ठेवतें त्याचीं नांवें गेलीं. त्याच जिल्ह्यांत राहुरी येथें मोठें कृषि विद्यापीठ आहे. एके काळीं जेथें परवान्यानें गांजा पिकत असे त्या भागांतील वृद्धांस कोणतीं नांवें ठाऊक होतीं, तीं झाडाचीं होतीं, भागाचीं होतीं कीं मालाचीं, एवढें विचारून लिहून ठेवण्यास कोणत्याहि कायद्याची आडकाठी नाहीं. अडचण आहे ती आपल्या भिडेची.

मराठींत ‘भांगेत तुळस’ अशी म्हण आहे. वाईट कुळांत चांगलें माणूस निपजलें म्हणजे आपण ती वापरतों. तिचा नैतिक अर्थ सर्वांस ठाऊक आहे; परंतु ती प्रथम ज्याच्या तोंडून निघाली तो कोणी शेतकरी किंवा माळी असला पाहिजे. भांगेच्या वाफ्यांत कोंवळें रोप तुळशीचें आहे हें त्यानें लांबून ओळखलें आणि खुरपें थांबविलें. कर्जतच्या बांधावर आजहि अंबाडीच्या पंजासारख्या पानाकडे पाहून एखादा शहरी पाहुणा दचकेल. शेजारून जाणारी बाई मात्र न थांबतां भाजीपुरता पाला खुडून पुढें जाईल. तिनें लिनियस वाचलेला नाहीं, आणि कायद्याची व्याख्याहि तिला ठाऊक नाहीं. पण कोणतें झाड कोणतें, हें तिला विचारलें तर ती चुकणार नाहीं.